पाणी काळं हवं

मामानं गालिच्यावर जळकं ऑइल ओतलं, वरून कुंडीतली मूठभर माती भुरभुरवली आणि बाळाला तेल लावावं तसं तळहातानं हळूहळू चोळायला घेतलं.

"मामा, लाडानं नको," भाची मोबाइल सरळ धरत म्हणाली. "वर्षानुवर्षांची घाण वाटली पाहिजे."

मामाचा गालिचे धुवायचा गाळा होता. तीस वर्षं त्यानं गालिच्यांतून घाण काढली होती. ती घालायला मात्र तो गेल्याच महिन्यात शिकला.

सगळं त्या समोरच्यामुळे. रस्त्यापलीकडच्या धुलाईवाल्याच्या पाटीवर 'चकाचक' लिहिलेलं होतं, म्हणून लोक त्यालाही चकाचकच म्हणत. त्यानं एक व्हिडिओ टाकला. गालिच्यावरून रबरी पट्टी ओढली की डांबरासारखं काळं पाणी बदाबदा बाहेर. लोकांनी तो जेवता जेवता पाहिला, आणि मिटक्या मारत पुन्हा पाहिला. गिऱ्हाईक रस्ता ओलांडून पलीकडे जाऊ लागलं. मामाचा फोन चार दिवसांत एकदाच वाजला, तोही राँग नंबर. मग मार्केटिंगचा कोर्स केलेली ही भाची मदतीला धावून आली. तिनं मामाचा पहिलावहिला व्हिडिओ पाहिला आणि कपाळाला हात लावला. पाणी जेमतेम पिवळसर होतं. इतकं स्वच्छ पाणी कोण बघणार, असं तिचं म्हणणं.

तिथून जुंपली ती जुंपलीच. चकाचकनं गालिच्यातून मेलेला उंदीर काढला, तर भाचीनं कवळी काढली. कवळी मामीच्या आईची होती. म्हातारी दोन दिवस नुसत्या दुधावर राहिली. जावयाला तिनं शिव्या भरपूर घातल्या, पण दातांवाचून त्यातली एकही नीट कळली नाही. चकाचकनं मग जिवंत झुरळं सोडली. ती शूटिंग संपल्यावर शेजारच्या बेकरीत कायमची राहायला गेली. एकदा मामा डबा घेऊन गॅरेजात जळकं ऑइल मागायला गेला, तर पुढे चकाचक उभा, हातात तसाच डबा.

"गाडीसाठी?" मामानं विचारलं.

"गाडीसाठी. तुम्ही?"

"गाडीसाठीच."

दोघांकडेही सायकलीच होत्या.

आजचा गालिचा होता सिस्टरबाईंचा. या रिटायर झालेल्या नर्स. सायीच्या रंगाचा गालिचा, एका कोपऱ्यात हिरव्या धाग्यानं रफू केलेला. त्यावर घाण उठून दिसेल म्हणून भाचीनं तोच निवडला. मामाच्या मनात नव्हतं. ही बाई आधी नळ धुणार आणि मग हात. तिचा गालिचा दरवर्षी यायचा तो निव्वळ शिस्त म्हणून. पण भाची म्हणाली, शेवटी आपण धुऊनच देणार आहोत ना? यावर मामाला काही बोलता आलं असतं. त्यानं ऑइलचा डबा उघडला.

व्हिडिओ लोकांनी डोक्यावर घेतला. सात वेळा पट्टी ओढली, सातही वेळा पाणी काळंकुट्ट. खाली लोकांनी लिहिलं होतं, इथं माणसं राहतात का डुकरं. एकानं तर असल्या घरातलं पाणीही पिणार नाही, असं परस्पर जाहीर करून टाकलं. मामाचा फोन खणाणू लागला. चकाचकनं दुपारीच शटर ओढलं. भाचीनं गाळ्यासाठी नव्या खुर्च्या बघायला घेतल्या. मामा मात्र सारखा नळावर. हात किती धुतले तरी ऑइलचा वास जात नव्हता.

गालिचा घरी पोचवून दोन दिवस झाले नाहीत, तोवर सिस्टरबाई तो गाडीत घालून परत घेऊन आल्या. स्टुलावर बसल्या. आता बाई तोंडाचा पट्टा सोडणार म्हणून मामा मान खाली घालून तयार राहिला.

"त्या व्हिडिओतला माझाच ना हो?" त्यांनी हळूच विचारलं. "सुनेनं ओळखला. हिरव्या रफूवरून."

मामानं रफूचा कोपरा आत दुमडला.

"नातू आत्ताच रांगायला लागलाय. ती त्याला आता माझ्याकडे पाठवत नाही. म्हणते, आई, तुम्हाला हल्ली दिसत नसेल." त्यांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला. "चाळीस वर्षं वॉर्ड सांभाळला मी. चादरीवर डाग चालायचा नाही मला. आणि माझ्याच घरात हे असलं."

फोन वाजला. भाचीनं मामाच्या पाठीत बोट खुपसलं. बोलू नका, असा त्याचा अर्थ. मामानं फोनही उचलला नाही आणि मागे वळूनही पाहिलं नाही.

"सिस्टर, ती घाण तुमची नव्हती," तो म्हणाला. "मी घातली. ऑइल आणि माती. तुमचा गालिचा आला तेव्हा स्वच्छच होता."

पुरावा म्हणून त्यानं दोन्ही हात पुढे केले. नखं अजून काळी होती.

सिस्टरबाई त्या हातांकडे बघत राहिल्या. मग त्यांचा चेहरा निवळला. रुग्णाच्या नातेवाइकांचे धरावेत तसे त्यांनी ते हात आपल्या हातांत घेतले.

"मीपण असंच सांगायची हो," त्या म्हणाल्या. "रिपोर्ट चांगला आहे, काही घाबरायचं नाही. भल्या माणसाला बोलावं लागतं असं."

मामानं शपथ घेतली. सुनेला आत्ता फोन लावून सांगतो म्हणाला. गॅरेजवाल्याला साक्षीला आणतो म्हणाला. तापात बरळणाऱ्याला गप्प करावं तशा सिस्टरबाई त्याचा हात थोपटत राहिल्या. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, तुम्ही कशाला माझ्यासाठी खोटं बोलता, एवढंच त्यांचं पालुपद.

मग गुडघ्यावर हात टेकत त्या उठल्या. एकदा अजून धुवा, पाणी निवळेपर्यंत धुवा, असं सांगून पायरीपर्यंत गेल्या आणि तिथं थांबल्या. रस्त्यावर कुणी ऐकत नाही ना ते बघून घेतलं.

"आणि या खेपेला," त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "तेवढं दार लावून घ्या."