आज्ञा समजली नाही

पोझनानच्या आमच्या संस्थेत दोन संगणक होते आणि त्यांचं एकमेकांशी अजिबात पटत नव्हतं. मोठा तळघरात, अख्खी खोली अडवून बसलेला. संस्थेतले सगळे जण पत्रं लिहायचे ते त्याच्यावर. छोटा दुसऱ्या मजल्यावर माझ्या टेबलाशेजारी. समुद्रापलीकडच्या यंत्रांची रीत फक्त त्याला कळायची. एकाने लिहिलेलं अक्षर दुसऱ्याला भलतंच दिसे, पत्ता लिहायची तऱ्हा उलटी, ओळ संपल्याची खूणसुद्धा वेगळी. एक्क्याण्णवच्या फेब्रुवारीत तीन आठवडे मान मोडून मी मध्ये एक प्रोग्राम लिहिला. मोठ्याकडून पत्र घ्यायचं, छोट्याला कळेल असं करायचं आणि पुढे ढकलायचं. त्याला आम्ही दुभाषा म्हणायचो. मी बोग्ना कुहार्स्का. पत्रांची सगळी जबाबदारी माझ्या गळ्यात होती, कागदावर मात्र असं कुठलंही पद नव्हतं.

दुभाष्याने आजवर एकही पत्र हरवलेलं नाही, हे मी कुणी न विचारताच सांगत असे.

माझा दुसरा तोरा असा की मी पत्रं वाचत नसे. परत आलेलं पत्र असलं तर वरचा पत्ता दुरुस्त करायचा आणि खाली नजर जाऊ द्यायची नाही. नऊ वर्षांपूर्वी, लष्करी कायद्याच्या काळात, आमच्याकडे फोन उचलला की आधी एक बाई सांगायची, संभाषण ऐकलं जात आहे. ते दिवस काढलेल्या माणसाला दुसऱ्याच्या पत्रात डोकवायची हौस उरत नाही. निदान मला उरली नव्हती.

दर मंगळवारी दहाच्या ठोक्याला प्राध्यापक सेवेरिन पेपलिन्स्की यायचे. निवृत्त झालेले, बायको जाऊन तीन वर्षं झालेली. एके काळी ते आम्हाला पुलांचं गणित शिकवत. एक मुद्दा संपला की ते फळ्यावर खाली एकटंच टिंब काढायचे, खडू ठेवायचे, खिडकीबाहेर बघायचे आणि मग पुढचा अवघड मुद्दा घ्यायचे. मागच्या बाकांवर आम्ही त्यांना टिंबमास्तर म्हणायचो. आता ते माझ्याकडच्या, तळघरातल्या मोठ्या संगणकाला जोडलेल्या पडद्यासमोर बसून दोन बोटांनी तासभर टाइप करत. मुलाला, ओल्गेर्डला. तो कॅनडात विनिपेगला होता. त्या तासात मी मुद्दाम पाठ करून बसत असे.

बारा नोव्हेंबरला ते आले ते कोट न काढताच. हातात कागदात गुंडाळलेला रोगाल होता, खसखस भरलेला सणाचा गोड पाव. आदल्या दिवशी सेंट मार्टिनचा सण झालेला.

"घ्या बोग्नाबाई. शेजारणीने चार दिले. एकटा किती खाणार?"

"म्हणजे शिळा आणून वर उपकार!"

"ताजा असता तर मीच खाल्ला असता." ते खुर्चीकडे गेले नाहीत. "मी लिहायला नाही आलो. सांगायला आलो. मंगळवारची ही वेळ दुसऱ्या कुणाला देऊन टाका."

"का सर? गुडघा फारच दुखतोय का?"

"गुडघ्याचं नाव काढू नका!" इतक्या मोठ्याने ते वर्गातसुद्धा कधी बोलले नव्हते. "तो पोरगा दर आठवड्याला गुडघ्याचंच विचारतो. मी इथे काळीज काढून ठेवतो आणि हा लिहितो, बाबा, इकडेही बर्फ पडलं, गुडघा शेकत जा."

मग ते बसले. जे संस्थेत सगळ्यांना ठाऊक होतं तेच त्यांनी मला पुन्हा सांगितलं. ब्याऐंशीच्या हिवाळ्यात ओल्गेर्डला सरकारविरोधी पत्रकं छापताना पकडलं. इकडे सरांसमोर एक कागद ठेवला गेला, की माझा या मुलाशी काहीही संबंध नाही. सरांनी सही केली. नोकरी राहिली. मुलगा सात महिन्यांनी सुटला, फक्त जाण्यापुरता मिळणारा पासपोर्ट घेतला आणि देश सोडून गेला. आठ वर्षं त्याचं एक अक्षर नाही. या एप्रिलमध्ये त्याच्या विद्यापीठात ही सोय झाली आणि त्याने दोन ओळी पाठवल्या: बाबा, कसे आहात?

"तेव्हापासून एकतीस पत्रं लिहिली," सर म्हणाले. "एकतीसच्या एकतीस पत्रांत माफी मागितली. त्याच्याकडून ना हो, ना नाही. मला शिवी घातली असती तरी चाललं असतं हो. शिवीला निदान उत्तर देता येतं."

मी जे नेहमी बोलते तेच बोलले. "पत्रं पोचतात सर, त्याची खात्री मी देते. दुभाष्याने..."

"एकही हरवलेलं नाही. माहीत आहे. तेच तर दुखणं आहे." ते टोपी घालून निघून गेले.

मी रोगाल खाल्ला. खरंच शिळा होता.

जेवणानंतर तळघरातून रोमानचा फोन आला. हा आमचा यंत्रचालक, टेपा बदलणारा आणि दिवसभर माझी खोडी काढणारा.

"बाई, तुमच्या दुभाष्याला अजीर्ण झालंय. डिस्क भरली."

"कशाने?"

"त्याच्या रडगाण्याने. छोट्या संगणकाला काही कळलं नाही की तो एका फाइलमध्ये तक्रार लिहून ठेवतो ना? ती फाइल एप्रिलपासून कुणी उघडलेली नाही. पुसू का?"

"थांब. एकदा बघते, मग पूस."

तक्रारींच्या त्या फाइलमध्ये बहुतेक कचराच असायचा. तुटलेल्या ओळी, फोनच्या खरखरीने बिघडलेली अक्षरं. मी भराभर खाली सरकवत होते. मग हे दिसलं:

आज्ञा समजली नाही: ओल्गेर्ड, आता खरं काय ते लिहितो.

आज्ञा समजली नाही: तो कागद मी नीट वाचलासुद्धा नाही, सही करून मोकळा झालो.

आज्ञा समजली नाही: तुझी आई आठ दिवस माझ्याशी बोलली नाही.

आज्ञा समजली नाही: मला माफ कर.

मी हात मागे घेतला. पुढे वाचलं नाही. वाचायची गरजही नव्हती, घोटाळा कुठे झाला ते मला लख्ख कळलं होतं. छोट्या संगणकाच्या जगात असा नियम आहे की ओळीवर एकटं टिंब आलं की पत्र संपलं. त्यानंतर जे येईल ते पत्र नव्हे, यंत्राला दिलेला हुकूम. म्हणून पत्रातच कुणी असं टिंब दिलं, तर दुभाष्याने त्याला जोडून आणखी एक टिंब ठेवायचं असतं. मग गल्लत होत नाही. हे मला पक्कं ठाऊक होतं. लिहायचं राहून गेलं होतं. संस्थेत दुसरं कुणी ओळीवर एकटं टिंब देत नव्हतं, त्यामुळे कुणाचं बिघडलंही नव्हतं. आणि ज्यांची ही सवय होती त्यांच्या वर्गात मी दोन वर्षं बसले होते.

रोमान वर आला, त्याने पडदा पाहिला आणि शीळ घातली.

"दोन ओळींची दुरुस्ती आहे," तो म्हणाला. "करून टाका. आणि हे तुकडे जोडून तुम्हीच विनिपेगला रवाना करा. म्हातारबुवांना काय कळतंय?"

चहा निवेपर्यंत मी तोच विचार करत होते, हे कबूल करते. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा जास्त राग येत होता, स्वतःचा. पण पत्रं माझी नव्हती. मी दुभाष्यात त्या दोन ओळी घातल्या, टिंबांनंतरचं सगळं रुंद कागदावर छापून घेतलं, मजकूर आत राहील अशी घडी घातली आणि ट्राम पकडली.

सरांनी दार उघडलं, पायात सपाता होत्या. मी दारातच सांगून टाकलं, आत गेले असते तर धीर सुटला असता.

"सर, तुमची पत्रं अर्धीच गेली. सगळी. चूक माझी आहे."

"अर्धी म्हणजे कुठपर्यंत?" परीक्षेत विचारायचे तसंच विचारलं त्यांनी.

"पहिल्या टिंबापर्यंत."

बूट घालायला ठेवलेल्या स्टुलावर ते बसले. मी घडी पुढे केली, ती त्यांनी मांडीवर ठेवली, उघडली नाही.

"तुम्ही वाचलंत?"

"चार ओळी. कळल्यावर थांबले."

त्यांनी मान हलवली. ते ओरडतील असं मला वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी घाईघाईने बोलत सुटले, की दुरुस्ती झाली आहे, सगळं आज पाठवता येईल, उद्या त्याच्या हातात पडेल. "तो तुम्हाला टाळत नव्हता सर. त्याला ते कधी मिळालंच नव्हतं." मला वाटत होतं की मी आनंदाची बातमी आणली आहे.

ते माझं ऐकत नव्हते. भिंतीकडे बघून काहीतरी जुळवत होते.

"टिंबाच्या आधी मी काय लिहायचो? हवा. गुडघा. शेजारणीची कबुतरं."

"मला नाही ठाऊक सर."

"मला आहे. म्हणजे एकतीस वेळा त्याला एवढंच मिळालं. सहीबद्दल अवाक्षर नाही."

"नाही."

"माफीचा शब्द नाही."

"नाही, सर."

"त्याच्या लेखी बाप आठ वर्षांनी भेटला आणि निर्लज्जासारखा कबुतरांच्या गप्पा मारत बसला." त्यांचा आवाज बारीक झाला. "आणि तरी तो दर आठवड्याला उत्तर देत होता. एकही आठवडा चुकवला नाही हो त्याने."

जिन्यात कुणीतरी बादली ठेवल्याचा आवाज झाला. सरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पण डोळ्यांवर चढवला नाही.

"मी म्हणायचो, याला काळीज नाही," ते म्हणाले. "सगळं पाठवा. आजच. पण आधी एक ओळ घाला."

मी पर्समधून पेन काढलं.

"लिहा. ओल्गेर्ड, तुझी पत्रं मला पूर्ण मिळाली."

मी ती ओळ उतरून घेतली. मग मला रडू आवरेना, आणि सर माझ्यासाठी पाणी आणायला आत गेले.