जिभेवर आळ

जीभ गेली म्हणे माझी! बोललं कोण? माझी मोठी सून, कल्पिता. आणि कुठं? भर हळदीच्या मांडवात, चार बायांसमोर, माझ्या हातातला डाव काढून घेत.

जिचा उभा जन्म मिठागरात गेला, तिला मीठ कळत न्हाय? गावात कुणाचीही हळद असो, मटण चाखायला मलाच, सगुणाला, हाक मारतात. आज घरचीच हळद, माझ्या धाकट्याची, प्रज्योतची, आणि पहिल्याच पंगतीला रस्सा अळणी निघाला. पावणे हसले. सगळं खरं. पण वाढायच्या आधी मी तळहातावर थेंब घेऊन चाखला, तेव्हा मीठ बरोबर लागलं होतं. देवाशपथ!

"आय, वय झालं की असं होतं," थोरला हितेश म्हणाला. "उद्या लग्नाला केटरर बोलावतो. तू आपली खुर्चीत बस."

खुर्चीत बसून काय माशा मारू? रागानं अंगाची लाही झाली. तणतणत पडवीत गेले. तिथं मगाशी मीठ चोळलेली पापलेटं तशीच पडली होती. खरंच गेली का मेली जीभ, म्हणून कोरडा तळहात चाटून बघितला.

खारट!

अगं बाई. मीठ चोळता चोळता उठले होते मी, हात पदराला पुसला तेवढाच, आणि त्याच तळहातावर रस्सा घेतला.

तशीच मांडवात आले. कल्पितासमोर हात धरला. "चाट."

"आई, काय हे? लोक बघतायत."

"बघू देत. चाट!"

तिनं जिभेचं टोक लावलं नि तोंड वाकडं केलं. "शी, खारट!"

"मग? तुझी पण गेली?"

हात धुतला, पुन्हा रस्सा घेतला. अळणीच होता.

"जीभ तेव्हाही खरंच बोलली," मी म्हणाले. "ते मीठ रश्श्यातलं, हे मी ठरवलं. जिभेवर आळ नको."

हितेश हसला. "म्हणजे चूक तुझीच ना?"

"व्हय, माझीच! आणि तुमची? तुम्हाला माझे पांढरे केस दिसले. केस पांढरेच हायत, डोळ्यांचं काय चुकलं न्हाय. पण तेवढ्यावरून माझी जीभ गेली, हे कोणी ठरवलं?"

दुसरी पंगत ताटकळली होती. कल्पितानं डाव माझ्या हातात दिला, मिठाचा डबा स्वतः उघडला आणि खाली बघत म्हणाली, "आई, किती टाकू?"