गुर्द्याचा नेम

“कलाबाई, आजपासून मीठ सोडा.” यशवंतराव डॉक्टरांचे हे शब्द मी आतून ऐकले आणि मला हायसे वाटले.

मित्रांनो, मी सौंसरच्या या कलाबाईंचा पन्नास वर्षांचा जुना डावा गुर्दा. तुमच्या पुस्तकात मला मूत्रपिंड म्हणतात. पाठीत, बरगड्यांच्या आडोशाला माझे घर. माझा जोडीदार उजवीकडे. देह मूठभर, पण त्यात दहा लाख बारीक गाळण्या. आम्ही दोघे मिळून रोज बारा-पंधरा घागरी पाणी रक्तातून गाळतो आणि जवळजवळ सगळे रक्ताला परत देतो. तांब्याभर तेवढे बाहेर जाते. कलाबाईंचे उपास सुटतात, माझ्या नेमाला पारणे नाही. हे सारे कोणी योजले असेल? मला हात असते तर जोडले असते.

खरे नवल तर पुढेच आहे. गाळायला रक्ताचा जोर लागतो, तुम्ही त्याला रक्तदाब म्हणता. तो वाढला की गाळणीच्या तोंडाची नळी आपोआप आवळते, उतरला की सैल होते. कलाबाई निर्जळी उपासाने संत्र्याच्या बागेत आळी खणायच्या, तेव्हा जोर फार उतरायचा. मग मी रक्तातून एक निरोप धाडायचो. अंगभर रक्तवाहिन्या आकसायच्या, मी मीठ-पाणी धरून ठेवायचो आणि जोर पुन्हा जागेवर यायचा. जास्त झाला तर तेच मीठ-पाणी मी सोडून द्यायचो. रक्त मला सांभाळायचे, मी रक्ताला. कलाबाईंना याचा पत्ताही नसायचा.

पण वर्षानुवर्षे ताटात मीठ जास्त पडत गेले आणि जोर चढलेलाच राहिला. काही गाळण्या वण पडून मिटल्या. त्यामुळे मिठाचा निचरा कमी झाला, म्हणून जोर आणखी चढला, म्हणून आणखी गाळण्या मिटल्या. एकमेकांना सावरणारे आम्ही एकमेकांना बुडवू लागलो.

म्हणून डॉक्टरांनी मीठ सोडायला सांगितले, गोळ्याही दिल्या. कलाबाईंनी मिठाचा डबा शेजारच्या कुसुमला देऊन टाकला. तरी महिन्याने दंडाला पट्टा बांधला तेव्हा पारा एकशे ऐंशीवरच.

“असंच राहिलं तर दोन्ही गुर्दे जातील, कलाबाई.”

“मीठ तं मी त्याच दिवशी सोडलं, डॉक्टरसाहेब. देवापुढं सांगून.”

“आज काय खाल्लं?”

“आज गुरुवार. भगर अन् बटाटे. जिरं, मिरची, अन् उपासाचं मीठ.”

पुड्या बांधणारा कंपाउंडर देवीदास थांबला. “शेंदेलोण? मावशी, रोजच्या भाजीतबी तेच घालून राहिल्या का?”

“मंग. ते मीठ थोडीच हाय? ते उपासाले चालते.”

“देवाले चालते मावशी. गुर्द्याले कोनं इचारलं?”

डॉक्टर हसले नाहीत. “डोंगरातलं असो का समुद्रातलं, रक्तात विरघळलं की मीठच, कलाबाई.”

कलाबाईंनी पदर बोटाला गुंडाळला. “म्हंजे माहा नेम मोडला?”

“मोडला नाही. आता कुठं नीट कळला.”

“मंग महिन्यानं येतो मी,” त्या हळूच म्हणाल्या. “अळणी खाऊन.”

मित्रांनो, माझ्या मिटलेल्या गाळण्या आता उघडायच्या नाहीत. उरलेल्या मात्र वाचू शकतात. मी दुखत नाही, कण्हत नाही, म्हणून माझी आठवण कोणाला येत नाही. तुमच्या आईचा, आजीचा जोर कधी मोजून घ्या. ताटात वरून मीठ घेताना माझ्यासाठी क्षणभर थांबा.

आज सकाळी देवपूजा झाल्यावर कलाबाईंनी अळणी वरणाचा घास घेतला, थांबल्या, आणि गिळला. मग फळीवरचा शेंदेलोणाचा गुलाबी खडा काढून पळसाच्या पानात, कालच्या निर्माल्यासोबत बांधला. कोणाला काही न सांगता त्यांनी दार ओढून घेतले आणि त्या नदीच्या वाटेला लागल्या.