चार महिन्यांचा बोनस

बळीरामच्या डोक्यात महिनाभर एकच भुंगा फिरत होता. पूल एक, बंदूक तीच, मग माणसं दोन प्रकारची कशी?

तसा तो गुजरातेत उधन्याच्या कापड कारखान्यात सहा लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवायचा. पण तो टेरिटोरियल आर्मीचा जवानही होता. म्हणजे वर्षातून एकदा कवायत, एरवी आपापलं पोटापाण्याचं काम, आणि सरकारला गरज पडली की वर्दी. नव्याण्णवच्या जूनमध्ये लढाई पेटली आणि ती गरज पडली. राजस्थानातल्या एका रेल्वेपुलावर त्याने चार महिने पहारा दिला. पुलाच्या एका टोकाला बळीराम, दुसऱ्या टोकाला पारोळ्याकडचा भटू, पक्का फौजी, कायम नोकरीतला. वर्दीत होते तोवर पगार सारखाच. मग पहारा उठला. भटू भरपगारी रजेवर गावी गेला, पुढे त्याला पेन्शनही होती. बळीरामची मात्र वर्दी उतरली त्याच दिवशी पगार बंद झाला. पलटणीच्या बाबूला विचारलं तर तो म्हणाला, "जितने दिन वर्दी, उतने दिन पगार. नियम है." बळीरामने तिथे सलाम ठोकला आणि घरी आल्यावर त्याला एकेक झकास उत्तर सुचायला लागलं. वरातीमागून घोडं, दुसरं काय!

दिवाळीच्या तोंडावर शेठने मात्र मन मोठं केलं. पाकिटात पुऱ्या वर्षाचा बोनस घातला, चोवीसशे रुपये. "सरहद पे गया था तू, तेरा कैसे काटूँ?" बळीरामची छाती फुगली. याला म्हणतात न्याय! त्याच्या बायकोने, कुसुमने तर मनातल्या मनात स्टोव्ह भंगारात काढून गॅसचं कनेक्शन घेऊनही टाकलं.

त्याच भरात संध्याकाळी बळीरामने पलटणीच्या साहेबांना अर्ज लिहायचं काढलं. लिहायला लोटूला बोलावलं. लोटू शेजारच्या गल्लीतला, दोन लेकरांचा बाप, दहावी पास, अक्षर मोत्यासारखं. बळीराम पुलावर असताना त्याचे लूम बदली म्हणून यानेच चालवले होते. बळीराम परतल्यापासून तो रोज सकाळी कारखान्याच्या फाटकाशी उभा राहून आज कोण आलं नाही ते बघत असे.

"लिही," बळीराम म्हणाला, "काम सारखं, जागा सारखी. गरज असली की बोलावता आणि गरज सरली की ओळखत नाही. लिहिलंस?"

लोटूचं पेन थांबलं होतं.

"हाऊ अर्ज शेठलेबी चाली ना, दादा?" तो हसून म्हणाला. "फक्त नाव बदलनं पडी."

बळीरामला काही उमगेना. आतून कुसुम म्हणाली, "लोटूले बोनस भेटना नही. मिठाईनं खोकं भेटनं."

हे काय बळीरामला ठाऊक नव्हतं? बदलीला बोनस नसतो, बारा दिवाळ्या तो बघत आला होता. मग आजच मान खाली का जावी? शेठचं चुकलं म्हणावं तर त्यांनी आपल्यालाच भरभरून दिलं. आपलं चुकलं म्हणावं तर आपण देशासाठी गेलो. कुणाचंच चुकलं नाही, आणि तरी लोटूच्या हातात नुसतं खोकं! त्याने पाकिटातून चार महिन्यांचे आठशे काढून पुढे केले.

"तू देशी ते दान व्हई," लोटू म्हणाला. "माले नको." आणि उरलेला अर्ज त्याच सुरेख अक्षरात पुरा करून तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी बळीराम शेठपुढे उभा राहिला. लोटूचं नाव काढताच शेठ म्हणाले, "नियम छे, भाई. बदली एटले बदली. काम कर्युं एटला दिवसनी मजूरी आपी ने?"

बळीराम दचकला. हे तर बाबूचंच बोलणं, फक्त गुजरातीत! बाबूसाठी महिनाभर जपून ठेवलेलं उत्तर तोंडातून निघून गेलं. "सेठ, वो नहीं होता तो छह लूम बंद रहते."

"तो तेरे में से काट लूँ? चार महीना तू तो था नहीं."

आता आली का पंचाईत! त्याला गॅस दिसला, कुसुमचं तोंड दिसलं. शेठने आपल्या गल्ल्यातून द्यावेत, असं म्हणायला जीभ उचलेना. शेवटी त्याने आठशे रुपये गादीवर ठेवले.

"काटो. लेकिन रजिस्टर में उसका बोनस लिखना. मैंने दिया, ऐसा नहीं."

शेठनी मान हलवून मुनीमला तसं लिहायला सांगितलं. लोटूला फाटकावरून बोलावून आणलं. बोनसच्या रजिस्टरात कायम कामगारांच्या नावांखाली त्याचं नाव लिहिलं गेलं. मुनीम घाई करत होता, तरी लोटूने सावकाश, एकेक अक्षर कोरत सही केली.

ती सही बघून बळीरामला आनंद व्हायला हवा होता. झाला तो हेवा. पलटणीच्या रजिस्टरात त्याचं नाव असं कोण लिहिणार होतं?

बाहेर पडून त्याने अर्ज टपालपेटीत टाकला. आपण शहाणपणा केला की खुळेपणा, त्याला ठरवता येईना. आपल्यासाठी भटू रजेचा एक दिवस तरी सोडेल का, तेही सांगता येईना. घरी कुसुम गॅससाठी जागा करून बसली होती, आणि तिला काय सांगायचं हे तर मुळीच सुचत नव्हतं.