आत्याच्या मेंदूचं माप

मेंदू मोजणं हे भाचीचं रोजचंच काम. गेल्या वर्षीचा आणि यंदाचा एमआरआय पडद्यावर एकावर एक बसवायचा आणि मधल्या काळात मेंदू किती आकसला ते काढायचं. पण आज पडद्यावर तिची सख्खी आत्या होती. आत्याला मल्टिपल स्क्लेरोसिस. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटलेली. दरवर्षी जेमतेम पाव टक्का घटणारा मेंदू यंदा एकदम एक टक्का घटला होता.

"औषध लागू पडत नाहीये, बदलावं लागेल," डॉक्टरमॅडम आत्याला म्हणाल्या. "नवं औषध प्रतिकारशक्ती पार खाली आणतं. बालवाडीत शिकवणं सोडावं लागेल, बाई. तिथं सगळी शेंबडी पोरं."

आत्याचा चेहरा खर्रकन उतरला. "त्या शेंबड्यांसाठीच तर सकाळी उठते हो मी."

भाचीच्या डोक्यातून मात्र ते चित्र हलेना. हा आजार बळावला की मेंदूवर बहुधा नवे डाग दिसतात; इथे नवा डाग एकही नाही आणि घट सगळीकडे सारखी. जणू कुणी हलक्या हाताने अख्खा मेंदू पिळून घेतला होता. पिळून?

"आत्या, स्कॅनच्या दिवशी पाणी किती प्यायली होतीस?"

"थेंबसुद्धा नाही! आदल्या संध्याकाळपासूनच बंद. या आजारात एकदा लागली की धीर धरवत नाही, माहितीये ना तुला. त्या नळीत आडवी पडून कुणाला हाका मारू?"

भाची ताडकन उठली. शरीर सुकलं की मेंदूही किंचित आकसतो, हे तिथे सगळ्यांनाच ठाऊक होतं. आत्याला विचारायचं तेवढं राहून गेलं होतं. "मॅडम, नीट पाणी पाजून स्कॅन पुन्हा करू या," ती म्हणाली.

"आकडा आवडला नाही म्हणून परत मोजायचं?" मॅडमनी भुवई उंचावली. "की आत्या आहे म्हणून?"

"आत्या आहे म्हणूनच मी मोजणार नाही. नाव झाकून दुसऱ्या कुणाला द्या."

या खेपेला आत्या आदल्या दिवसापासून नीट पाणी प्यायली. नळीत शिरण्याआधी बाथरूमला जाऊन आली आणि बाहेर येताच काठी टेकत पुन्हा तिकडेच सुटली. "सरका, सरका!"

नाव झाकलेला स्कॅन शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने मोजला. "पाव टक्का. झकास चाललंय की यांचं! कोण आहेत?"

"माझी आत्या!" भाची एवढ्या मोठ्याने ओरडली की मॅडम दारातून डोकावल्या. त्यांनी आकडा पाहिला, दोन्ही चित्रं पुन्हा एकावर एक ठेवून बघितली आणि हसल्या. "औषध तेच चालू. आणि यापुढे स्कॅनआधी पाण्याचं प्रत्येकाला विचारायचं. मलाही सुचायला हवं होतं."

बाहेर आत्याने बातमी ऐकली आणि तिथूनच शाळेला फोन लावला. "माझ्या जागी कुणाला बघत होतात ना? त्यांना कळवून टाका, जागा रिकामी नाही!"