एका दुपट्यासाठी गाडी येत नाही

माझी बायको दीपमाला श्रावणात गेली. तिनं शिवलेल्या दुपट्यांपैकी एकच उरलं होतं. विकायलाच शिवलं होतं, पेटीत ठेवून मी काय करणार? मोबाइलवरचं तिचं दुकान मी चालू ठेवलं होतं. अंबाजोगाईच्या वच्छलाबाईंनी ते मागवलं. गुरुवारी नातीचं बारसं आहे, त्याआधी पाठवा, असं खाली लिहिलं होतं.

कंपनीचा माणूस घरी येऊन माल नेतो. नेतो म्हणजे, तसं त्यांनी लिहिलेलं आहे. सोमवार, मंगळवार मी दार सोडलं नाही. दोन्ही दिवस संध्याकाळी मेसेज आला, विक्रेता घरी नव्हता.

बुधवारी पार्सल घेऊन जवळच्या चकलांब्याला गेलो. माल नेणारा अजिनाथ हॉटेलात भजी खात बसला होता. दीपमालाच्या मावसबहिणीचा पोरगा, माझ्या घरी जेवलेला. त्यामुळे घर सापडलं नाही म्हणायची सोय नव्हती. त्याचं म्हणणं, एका नगासाठी गाडी येत नाही, गावातून पाच तरी पाहिजेत. पाच कुठून आणू? शिवणाऱ्या बाया सगळ्या ऊसतोडीला गेलेल्या. मी पार्सल त्याच्या बशीशेजारी ठेवलं.

"इथं न्हाई घेता येत, काका. तुमच्या दारात उभं राहिल्याबिगर मोबाइल घेतच न्हाई."

"मंग मी घरी न्हाई, हे इथनं कसं घेतलं?"

"त्याला कुटूनबी चालतंय."

असली अक्कल कंपनी पगार देऊन पोसते. वर त्यानं सांगितलं, हे पार्सल आधी गेवराईला, मग पुण्याला आणि तिथून माघारी अंबाजोगाईला जाणार. गाढवालाही याहून जवळची वाट कळते.

पार्सल उचललं. गुरुवारी पहिल्या एसटीनं निघालो, बीडला गाडी बदलली आणि अंबाजोगाईला घर विचारत पोचलो. बारशाची माणसं जमायला लागली होती. कोण, कुठून आलो ते सांगितलं तसा वच्छलाबाईंचा चेहरा उतरला.

"तुमाला लई शिव्या दिल्या मी. विक्रेता माल देत न्हाई म्हणून ऑर्डर रद्द, असं आलतं मला."

"मला द्या. शिवणारीला नका देऊ. ती वारली."

पाळण्यातलं बाजारचं ब्लँकेट काढून त्यांनी दुपटं अंथरलं आणि नातीला त्यावर ठेवलं. पोरीनं ते लगेच ओलं केलं. वच्छलाबाई ओशाळल्या. मी म्हणालो, राहू द्या. ओलं झालं की दुपटं कामाला लागलं, असं दीपमाला म्हणायची.

मग त्यांनी मला जेवायला बसवलं. पोटभर जेवलो.