मुरूमहून आलेलं बोलणं

व्यंकटतात्या आणि सिद्धाराम एकाच तार ऑफिसात होते. तारा बंद झाल्या, दोघं रिटायर होऊन आपापल्या गावी गेले, पण बोटांची सवय जाईना. दोघांनी हौशी रेडिओचं लायसन काढलं, तात्यांनी ईट गावी घरावर एरियल ताणली, सिद्धारामनं मुरूमला. रोज न्याहारी उरकली की रेडिओच्या चाळीस मीटरच्या पट्ट्यावर ठिपक्या-रेघांच्या मोर्समध्ये गप्पा चालायच्या.

गेल्या साली सिद्धारामला लकवा मारला. उजवं अंग गेलं, जीभ लुळी पडली. डोळे साखरेनं आधीच अधू झालेले. डाव्या हाताचं एक बोट तेवढं शाबूत राहिलं. त्या बोटानं तो मोर्सची कळ दाबायचा, आणि त्याचं बोलणं कळणारा माणूस म्हणजे एकटे तात्या. ऐकून झालं की तात्या त्याच्या बायकोला, इरम्माला, फोन करून सांगायचे: पाठीखाली उशी द्या, ओट्यावर बसायचं म्हणतोय, आमटीत मीठ जास्त पडतंय. इरम्मा हसायची.

यंदा ईटच्या शिवारात सोलर पंप आले. ऊन चढलं की पंपांच्या विजेच्या पेट्यांमुळं तात्यांच्या रेडिओत मधमाश्यांचं मोहोळ उठल्यासारखा आवाज भरायचा, त्यात मुरूम बुडून जायचं. तात्यांचं पाठवलेलं तिकडं पोचत होतं. तिकडचं इकडं ऐकू येत नव्हतं. दिवस मावळला की आवाज थांबायचा, पण अंधारात तो पट्टा लांबलांबचे देश आणतो आणि जवळच्या गावाच्या लहरी डोक्यावरून निघून जातात. इरम्माला फोन कळीजवळ धरायला सांगून पाहिलं, तर फोन ती पिपपिप गोंगाट समजून गिळून टाकायचा.

तात्या हातात छोटा रेडिओ धरून बांधाबांधानं हिंडले. शेजारच्या रानातल्या सत्यभामाच्या पंपाच्या पेटीपाशी आवाज सगळ्यात मोठा झाला. त्यांनी तिला सगळं सांगितलं.

"दिवसा पानी मिळायलंय म्हनून रातचं इच्चूकाट्यात जायचं टळलंय, तात्या," ती म्हणाली. "पर तुमच्यासाठी सकाळचा घंटाभर बंद ठिवते की."

तिनं शब्द पाळला. आवाज थोडा उतरला, आणि त्याच्यामागून दुसऱ्या पंपांचा ऐकू आला, त्यांच्यामागून आणखी पलीकडच्यांचा. किती जणांच्या उसाचं पाणी तोडायला सांगायचं? पंप बसवणाऱ्यांकडं तक्रार केली, तर पाणी पडत नसेल तरच लिहून घेतो म्हणाले.

तरी तात्या रोज बसायचे. 'ऐकू येत नाही, सावकाश पाठव' एवढं पाठवायचे आणि कानाला हेडफोन दाबून धरायचे. मोहोळात मधूनच एखादा ठिपका, एखादी रेघ लागे. अक्षर जुळत नव्हतं.

एका दुपारी इरम्माचाच फोन आला. "परवापासून एकसारखं कळ दाबायलेत. डोळ्याला पाणी लागलंय. काय म्हनायलेत ते, भाऊजी?"

तात्यांनी आवाज साफ येत नसल्याचं सांगितलं. उद्या येतो म्हणाले. कळीपाशी बसून स्वतःच ऐकलं की झालं.

सकाळच्या पहिल्या एसटीनं ते निघाले. बार्शी, तुळजापूर, पुढं हायवेनं मुरूम. सिद्धारामच्या दारात चपलांचा ढीग दिसला. पहाटे लकव्याचा दुसरा झटका येऊन गेला होता. सिद्धाराम जिवंत होता. डावा हात पोटावर पडला होता आणि डॉक्टर म्हणाले होते की आता तोही हलायचा नाही.

तात्या त्याच्याजवळ बसले. त्याचा तळवा उघडून त्यावर बोटानं वाजवलं: मी आलोय. बोल. बराच वेळ वाट पाहिली. पुन्हा वाजवलं. सिद्धारामच्या डोळ्याच्या कडेनं पाणी उतरलं. त्यातून काही वाचता येत नव्हतं.

इरम्मा पायथ्याशी उभी होती. बायका उठून गेल्यावर तिनं हळूच विचारलं, "काय सांगत होते ते? एखादा तरी शबुद?"

"न्हाय, वैनी," तात्या म्हणाले. "एक पण लागला न्हाय."

तिनं मान हलवली. नवऱ्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं आणि तात्यांसाठी चहा टाकायला आत गेली. तात्या तो हात हातात धरून बसून राहिले.